तेल हललं, बाजार हलला

पेट्रोल पंपावर तिला सगळे ताई म्हणायचे आणि तिची पाठ वळली की फौजदार. दोन्ही नावं तिच्या कानावर होती. तिचं त्यावर म्हणणं एवढंच, की फौजदार असले तर पगार तरी तेवढा द्या.

तिचे वडील तेलाच्या टँकरवर ड्रायव्हर होते. ती शाळेत होती तेव्हा उतारावर त्यांचा टँकर कलंडला आणि पेटला. वडील वाचले, पण हात वाचले नाहीत म्हटलं तरी चालेल. बोटं एकमेकांना चिकटून गेली. आई त्याआधीच गेलेली. तेव्हापासून वडिलांना घास भरवायचा, धाकट्या भावाची वेणीफणी नसली तरी नाक-डोळे पुसून त्याला शाळेत धाडायचं, हे सगळं तिच्या अंगावर आलं. टँकरच्या मालकाचाच हा पंप. त्याने मन मोठं करून म्हणा की तोंड बंद राहावं म्हणून म्हणा, तिला इथे कामाला लावलं. ज्या तेलाने बापाचे हात खाल्ले, त्याच तेलावर घर चाललं. तिने कधी या गोष्टीचा गवगवा केला नाही. पण पंपावर कोणी खिशातून काडेपेटी काढली की ती वाघिणीसारखी धावून जायची. फौजदार हे नाव पडलं ते त्यामुळेच.

लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे तिने राहू दिलं. वडील गेले, धाकटा शिकला, पंपापासून दोन गल्ल्यांवर शेअर दलालाच्या ऑफिसात लागला. चार पडदे समोर, कानाला फोन, गिऱ्हाईक सांगेल तसं घ्यायचं आणि विकायचं. ताईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाऊ सावलीत बसून कमावतो याचाच तिला मोठा आनंद होता. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ‘‘आमचा धाकटा बाजारात असतो.’’ ऐकणाऱ्याला वाटायचं भाजी विकतो.

चष्मेवाल्या काकांनाही तिनेच सांगितलं होतं. पंपासमोरच्या रस्त्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इतकं हळू की गिऱ्हाइकाला कान पुढे करावा लागे. ताईचा पहिला चष्मा त्यांनीच बनवला. काचा बसवता बसवता त्यांनी सहज विषय काढला, की आता वय झालं, दुकान विकायचं म्हणतो, आलेला पैसा कुठे ठेवावा समजत नाही. ताई म्हणाली, ‘‘आमच्या धाकट्याला विचारा की. घरचा माणूस आहे, फसवणार नाही.’’

काकांनी दुकान विकलं आणि पैसा धाकट्याकडे आणला. धाकट्याने फसवलं नाहीच. त्याला जे खरं वाटत होतं तेच त्याने सांगितलं. घरी जेवताना तो ताईलाही कौतुकाने समजावत होता. ‘‘काकांना मी एका पारड्यात तेलाची कंपनी दिली, दुसऱ्यात रंगाची. रंग तेलापासूनच बनतो. तेल महागलं की रंगाचा कारखाना रडतो आणि तेलाची कंपनी हसते. स्वस्त झालं की उलट. एक खाली गेला की दुसरा वर. काकांनी आता पाय पसरून झोपावं.’’

ताईला ते फार पटलं. वर्ष-दीड वर्ष काकांनाही पटत राहिलं. पटलं ते इतकं, की ऑफिसातल्या वरच्या साहेबाच्या सांगण्यावरून त्यांनी आपले शेअर गहाण टाकले आणि त्या पैशांत आणखी घेतले. धाकट्याने तेव्हा नको म्हणायला हवं होतं. तो गप्प बसला. सगळेच करत होते, आणि वरच्या साहेबाला नको कोण म्हणणार?

मग दूरच्या समुद्रात भांडण पेटलं. जिथून तेलाची जहाजं जातात त्या चिंचोळ्या वाटेवर दोन देशांच्या बोटी समोरासमोर आल्या. सकाळी बातमी यायची, वाट बंद होणार. दुपारी यायची, बोलणी सुरू. संध्याकाळी म्हणायचे, बोलणी फिसकटली. तेलाचा भाव सकाळी डोक्यावर, संध्याकाळी पायाशी, दुसऱ्या दिवशी पुन्हा डोक्यावर. पंपावर रांग रस्त्यापर्यंत जायला लागली. ज्याची टाकी भरलेली तोही पुन्हा येऊन झाकण उघडायचा. माणसं नळीकडे अशी बघायची, जणू उद्यापासून जगात थेंब राहणार नाही. कोणी मध्ये घुसलं तर शिवीगाळ, मग धक्काबुक्की. एकदा ओढाओढीत नळी निसटली आणि पेट्रोल लादीवर सांडलं. ताईने लाल बटण दाबून सगळा पंप बंद केला, वाळूची बादली उपडी केली. लोक तिच्यावरच ओरडत होते, बंद का केलं म्हणून.

घरी आली तर धाकटा भिंतीला टेकून बसलेला. ताट समोर, हात कोरडा.

‘‘जेव की रे.’’

‘‘ताई, सगळं एकदम हलतंय.’’

‘‘तू तर म्हणाला होतास, एक खाली गेला की दुसरा वर.’’

‘‘तसंच असतं. रोज थोडं थोडं हललं तर तसंच असतं.’’ तो बोटाने ताटाच्या कडेवरून रेघ ओढत राहिला. ‘‘पण तेलाला असे झटके बसायला लागले की लोकांना कशाचीच खात्री राहत नाही. मग तेलाचा शेअर बरा की रंगाचा, हे बघतंय कोण? हाताला लागेल ते विकतात. किती वर आणि किती खाली ते जाऊ दे. माणूस उंचीला एवढा भीत नाही ग, शिडी हलायला लागली की भितो. तेलाची शिडी हलते आणि तिला टेकलेली आमची पण.’’

‘‘काकांचं काय?’’

ताट सरकवून तो उठला.

काकांचं त्याच दुपारी संपलं होतं, हे तिला नंतर कळलं. गहाण टाकलेल्या शेअरचा भाव ठरलेल्या रेषेखाली उतरला की ऑफिस गिऱ्हाइकाला फोन करतं, आणखी पैसे भरा म्हणून. भरले नाहीत तर शेअर विकून टाकतं. धाकट्याने काकांना फोनवर फोन केले. काका बायकोला घेऊन इस्पितळात होते, तिच्या गुडघ्याचं काहीतरी होतं, आणि आत फोन बंद ठेवायची पाटी होती. पाटीवर लिहिलेलं ऐकणारा तो माणूस. बाहेर येऊन त्यांनी फोन चालू केला तोवर सगळं विकलं गेलं होतं, अगदी तळाच्या भावाला. आणि खरा घाव पुढेच होता. संध्याकाळी बोलणी पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली आणि भाव चढत चढत होता तिथे गेला. भाव परत आला, पण काका तिथे नव्हते. ज्यांनी नुसते डोळे मिटून घेतले होते त्यांचं काहीच गेलं नाही. काकांचं दुकान मात्र, म्हणजे दुकानाचं जे झालं होतं ते, पुसलं गेलं.

पुढच्या दिवसांत दलालाच्या ऑफिसवर माणसं चालून गेली. काच फुटली. दारावर पहारा बसला. धाकटा कॉलर फाटून घरी आला आणि म्हणाला, दारात अडकून फाटली. ताईने सुईदोरा घेतला आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि सांगितलेलं ऐकून तिला दुसऱ्या दिवशी त्याला कामावर पाठवता आलं नसतं. आता रोज सकाळी तो बूट घालताना ती दारात येऊन उभी राहायची. दुपारी तिने फोन करायचा आणि त्याने ‘‘आहे’’ एवढंच म्हणून ठेवायचा, असं न बोलता ठरून गेलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, रांग जरा ओसरलेली असताना काका पंपावर आले. चालत. इस्त्रीचा शर्ट तसाच होता, फक्त गुंड्या एक घर सोडून लागल्या होत्या. हातात पत्र्याचा डबा.

‘‘ताई, थोडं पेट्रोल हवं होतं.’’

‘‘डब्यात देत नाही हो काका. मालकांची सक्त ताकीद आहे सध्या.’’ ती नेहमीच्या सुरात बोलली. मग तिची नजर गुंड्यांवर गेली. ‘‘कशाला हवंय?’’

‘‘जनरेटरला. दुकानातल्या.’’

दुकान विकून किती काळ लोटला होता! तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत होती. नाही म्हणून हाकलावं, तर माणूस पुढच्या पंपावर जाणार. तिथे याच्या गुंड्या कोण बघणार होतं?

‘‘उन्हात कशाला उभे? आत या. मालकांना विचारते फोनवर.’’

पंपाच्या कडेला काचेची छोटी केबिन होती. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर लाल रंगाचं आग विझवायचं नळकांडं. काका मुकाट्याने आत आले, खुर्चीत बसले आणि डबा पायाशी ठेवला.

रिकामा डबा फरशीवर टेकला की टणकन वाजतो. हा वाजला नाही.

अर्ध्याहून जास्त भरलेला होता. झाकणाच्या जागी फडक्याचा बोळा कोंबलेला, आणि तो ओला होता. केबिनच्या बंद हवेत वास हळूहळू वर चढायला लागला. पंपावर दिवसभर तोच वास असतो, नाकाला सवय होते. पण या वासासरशी तिला वडिलांचे हात दिसले.

‘‘आहे की डब्यात,’’ ती म्हणाली.

‘‘तिकडच्या पंपावर एवढंच दिलं. रांग मोठी होती, माणशी थोडं थोडंच देत होते.’’ ते अगदी हळू, नेहमीसारखे बोलत होते. ‘‘एवढ्याने होणार नाही बहुतेक.’’

‘‘काय होणार नाही काका?’’

काकांच्या छातीच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी काडेपेटीचं टोक दिसत होतं. आयुष्यात हा माणूस विडी-सिगारेट ओढताना कोणी पाहिला नव्हता.

‘‘तुझा भाऊ आज ऑफिसात आहे ना?’’ त्यांनी विचारलं.

बाहेर तीन गाड्या उभ्या होत्या. एका बाईच्या मांडीवर मूल होतं. जमिनीखाली, केबिनपासून चार पावलांवर, तेलाच्या टाक्या. ओरडावं तर हा माणूस दचकेल. झडप घालावी तर काडी आधी ओढली जाईल की हात आधी पोहोचेल? पळून जावं असं एकदा मनात आलं, हे ती पुढे कधी लपवत नसे. दार तिच्या पाठीशीच होतं.

तिने फोन उचलला. ‘‘मालकांनाच लावते,’’ असं म्हणून तिने धाकट्याला लावला.

‘‘आहे,’’ धाकटा म्हणाला.

‘‘साहेब, चष्मेवाले काका आलेत पंपावर. डबा घेऊन. तुम्ही आहात तिथून आता बाहेर पडा आणि घरी जा, इथलं मी बघते.’’

पलीकडून फोन बंद झाला. तिला वाटलं, सुटला एकदाचा.

आता काय? हात रिकामे ठेवायचे नाहीत यांचे, एवढंच तिला सुचलं. वडील दुखण्याने वेडेपिसे व्हायचे तेव्हा ती त्यांना काहीतरी विचारत राहायची, रस्ता कुठून जातो, कुठला घाट आधी लागतो. तिने डोळ्यावरचा चष्मा काढला.

‘‘मालक बघून सांगतो म्हणाले. तोवर हे जरा बघता का? सारखा नाकावरून घसरतो. नवीन दुकानवाला म्हणतो, फेकून द्या.’’

चष्मा तिने त्यांच्या अगदी हातात दिला. काका बघत राहिले. मग सवयीने त्यांनी तो उजेडाकडे धरला, एक दांडी उघडली, मिटली.

‘‘फेकून कशाला? स्क्रू ढिला झालाय.’’ आवाजात पहिल्यांदा थोडा राग आला. ‘‘यांना काय येतं? कव्हरं विकतात.’’

त्यांनी खिशात हात घातला. हातात काडेपेटी आली, ती त्यांनी टेबलावर ठेवली, आणि खिशाच्या तळातून एक बोटभर पेचकस निघाला. ते दांडीवर वाकले. ताईने काडेपेटीवर हात ठेवला. उचलली नाही, नुसता तळवा वर ठेवला. दुसरीकडे पायाने डबा तसूतसूने दाराकडे सरकवत राहिली. चष्म्याशिवाय तिला सगळं धूसर दिसत होतं, त्यांचा चेहरासुद्धा. तेच बरं होतं.

डबा दाराला लागला तेव्हा दार बाहेरून उघडलं. धाकटा उभा होता. धापा टाकत, एका बुटाची नाडी सुटलेली. घरी जा म्हटलं तर हा आगीच्या तोंडात धावत आला होता!

‘‘मूर्खा!’’ ताई ओरडली. इतका वेळ दाबलेलं सगळं त्या एका शब्दात बाहेर पडलं. मग तिने डबा उचलून त्याच्या छातीवर आदळला. ‘‘हे घेऊन जा लांब. लांब, मोकळ्या जागेत. पळ!’’

तो गेला. काकांनी मान वर केली. काडेपेटीवर तिचा हात, पायाशी डबा नाही. त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

‘‘मला खरंच ठाऊक नव्हतं ग,’’ ते म्हणाले, ‘‘कोणासाठी आणलं ते. ऑफिससाठी, का माझ्यासाठी. निघालो तेव्हा वाटलं, तिथे गेल्यावर कळेल.’’

धाकटा परत आला आणि दारातच थांबला. आत जायचं त्याचं धाडस होईना. मग तो काकांसमोर जमिनीवर बसला.

‘‘काका, मी तुम्हाला नको म्हणायला हवं होतं. गहाण टाकताना. मला कळत होतं, मी बोललो नाही.’’

‘‘तू फोन केलेस का रे त्या दिवशी?’’

‘‘लागत नव्हता. खूप केले.’’

‘‘तिथे पाटी होती,’’ काका म्हणाले. ‘‘बंद ठेवा म्हणून.’’ आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे हुंदके देऊन. धाकटाही रडत होता. ताई तेवढी कोरडी उभी, काडेपेटी मुठीत. बाहेरून हॉर्न वाजत होते. तिने काडेपेटी टेबलाच्या खणात टाकून कुलूप घातलं, बाहेर गेली आणि गाड्यांमध्ये पेट्रोल भरलं. नळी तिने दोन्ही हातांनी धरली होती. मांडीवर मूल असलेल्या बाईने विचारलं, ‘‘बरं नाही का तुम्हाला?’’ ताई म्हणाली, ‘‘ऊन फार आहे.’’

काकांच्या मुलीला बोलावून घेतलं. ती आली, बापाच्या गुंड्या नीट लावल्या आणि त्याला घेऊन गेली. काही दिवस त्यांना डॉक्टरच्या देखरेखीखाली ठेवलं. पंपाच्या मालकाला ताईने सगळं सांगितलं. तो आधी पांढराफटक पडला, मग भडकला, पोलिसांना का नाही बोलावलंस म्हणून. ताई म्हणाली, ‘‘बोलावलं असतं तर ते दिव्याची गाडी घेऊन आले असते, भोंगा वाजवत.’’ मालकाने मग दोन गोष्टी केल्या: तिला चार शब्द सुनावले आणि चार दिवस सुट्टी दिली.

त्या समुद्रातलं भांडण पुढे विझलं. जहाजं चालू लागली, तेल थंडावलं, बाजारही. जात्यातले भरडले गेले, सुपातले पुन्हा हसायला लागले. ऑफिसला नवी काच बसली. धाकट्याने ते ऑफिस सोडलं आणि एका औषधांच्या गोदामात हिशेबाला लागला. पगार कमी, पण खोके तरी जागच्या जागी राहतात म्हणायचा. काका मुलीकडे राहायला गेले. तिथल्या एका चष्म्याच्या दुकानात दुपारी जाऊन दुरुस्तीची कामं करतात असं कळलं. गेलेलं काही परत आलं नाही. धाकटा महिन्यातून एकदा त्यांना भेटून यायचा. काय बोलता, असं ताईने विचारलं तर म्हणाला, ‘‘काही नाही. चहा पितो. ते माझ्याकडे बघतात, मी कपाकडे.’’

ताई पंपावरच आहे. लोक म्हणतात, फौजदारीण आता जास्तच कडक झाली. डबा घेऊन कोणी आलं तर ती आधी माणसाच्या तोंडाकडे बघते, मग शर्टाकडे, मग विचारते, कुठून आलात, घरी कोण असतं, जेवलात का. डिझेल संपून रस्त्यात अडकलेला ट्रकवाला वैतागून म्हणतो, ‘‘बाई, सोयरीक जुळवताय की तेल देताय?’’ पंपावरची माणसं हसतात. तीही हसते.

पण पहाटे बातम्या लागल्या आणि कुठल्या तरी समुद्राचं नाव निघालं, की तिच्या हातातला कप खाली टेकतो. भाव वाढला म्हणोत की उतरला, तिला त्याचं काही नसतं. ती एवढंच ऐकते, की कालच्यापेक्षा आज किती हललं. फार हललं असेल तर ती त्या दिवशी घरून लवकर निघते. आणि गोदामात खोके मोजत बसलेल्या भावाला दुपारी फोन करते.

‘‘आहे,’’ तो म्हणतो. ‘‘ताई, इथे काय होणार आहे मला? खोकल्याच्या औषधाला कोणी आग लावतं का?’’

‘‘बोल थोडं,’’ ती म्हणते. ‘‘ठेवू नकोस लगेच.’’